चाकाच्या आकाराचा तुरुंग

अंदमानची सहल करून आलेली माणसं फोटो दाखवतात तेव्हा समुद्र, प्रवाळ आणि नारळाची झाडं पटापट पुढे सरकतात. बोट थांबतं ते सेल्युलर जेलच्या फोटोवर. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘मधे मनोरा आणि त्याला फुटलेले हे लांबलचक हात, असला आकार कशासाठी? चौकोनी वाड्यासारखं बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?’’

‘‘लक्ष ठेवायला सोपं पडतं,’’ असं उत्तर बहुतेक जण देतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शोधायला अमेरिकेत, फिलाडेल्फियाला जावं लागतं आणि तेही दोनशे वर्षं मागे. तिथे पेनसिल्व्हेनिया राज्याने एक तुरुंग बांधला, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. जागा मुळात चेरीच्या बागेची, म्हणून लोक त्याला ‘चेरी हिल’ म्हणत. आज एखादा बिल्डर आनंदाने वापरील असं नाव!

१. तुरुंग ही शिक्षाच नव्हती

‘तीन वर्षांची शिक्षा झाली’ म्हटलं की आपण तीन वर्षं तुरुंगात असंच समजतो. अठराव्या शतकात तसं नव्हतं. शिक्षा म्हणजे फटके, दंड, भर चौकात खोड्यात अडकवणं, नाहीतर फाशी. तुरुंग हे एस.टी. स्टँडवरच्या बाकड्यासारखं ठिकाण होतं. खटल्याची किंवा फाशीची गाडी लागेपर्यंत तिथे बसायचं. स्टँडसारखीच सरमिसळही होती. फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट तुरुंगात कर्ज बुडवलेला, खिसेकापू, खुनी, बायका, पोरंटोरं सगळे एकत्र कोंबलेले असत आणि आतल्या आत दारूची विक्री चाले.

१७८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाने एक नवा प्रयोग केला. कैद्यांची डोकी भादरायची, बेड्या घालायच्या आणि त्यांना शहरातल्या रस्त्यांवर कामाला लावायचं. लोकांना जरब बसावी हा हेतू. झाला मात्र तमाशा. बघे जमत, कैदी त्यांना शिव्या घालत, नाहीतर त्यांच्यापुढे हात पसरत.

हे डॉ. बेंजामिन रश यांना सहन होईना. रश हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. मार्च १७८७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी जमलेल्या मंडळींपुढे त्यांनी निबंध वाचला. चारचौघांत केलेली शिक्षा माणसाला सुधारत नाही, उलट निलाजरा करते, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी मे महिन्यात तुरुंगांतल्या हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक संस्था निघाली. ती आजही काम करते आहे.

ही मंडळी क्रूर नव्हती, हे इथेच लक्षात घ्या. पुढे जे झालं ते सगळं दयेपोटी झालं.

२. आढीतला सडका आंबा

या सुधारकांत क्वेकर पंथाचे लोक बरेच होते. क्वेकरांच्या प्रार्थनेत पुजारी नसतो आणि ठरलेलं भजनही नसतं. सगळे गप्प बसतात. शांततेत माणसाला आतला आवाज ऐकू येतो अशी त्यांची श्रद्धा. गुन्हेगाराचं निदान त्यांनी याच श्रद्धेवरून केलं. माणूस मुळात वाईट नसतो, संगतीने बिघडतो. आढीतला एक आंबा सडला की शेजारचे चार सडतात. मग उपाय काय? प्रत्येक आंबा वेगळा ठेवा. कुणाचा कुणाला स्पर्श नको, आवाज नको, तोंडही दिसायला नको. हाताला काम आणि वाचायला बायबल द्या. बाकीचं काम शांतता करील.

‘पेनिटेन्शरी’ या शब्दातच हे सगळं आहे. पेनिटन्स म्हणजे पश्चात्ताप, प्रायश्चित्त. म्हणजे हे पश्चात्तापगृह झालं. आपण कैदखाना म्हणतो तेव्हा त्यात नुसतं डांबणं असतं. या शब्दात आशा होती.

आपल्याकडे इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात लोक दहा दिवस मौन पाळतात आणि हलके होऊन परततात. पण तिथे माणूस आपल्या पायाने जातो, पलीकडच्या आसनावर दुसरा माणूस बसलेला असतो आणि अकराव्या दिवशी घरी फोन करता येतो. हे तिन्ही काढून घ्या आणि दहा दिवसांच्या जागी दोन, पाच, दहा वर्षं ठेवा. चेरी हिलची योजना ती अशी.

३. तुंबा आणि आरे

आता प्रश्न वास्तुशास्त्राचा. शेकडो माणसं एकाच आवारात ठेवायची, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता लागता कामा नये. वर पहारेकरी मोजकेच. हे जमवायचं कसं?

जॉन हॅविलँड नावाच्या इंग्लंडातून आलेल्या तरुण वास्तुविशारदाने बैलगाडीचं चाक पुढे ठेवलं. म्हणजे त्याने चाक म्हटलं असेल-नसेल, आपण म्हणू. मधला तुंबा म्हणजे पहाऱ्याची गोल खोली. तुंब्यातून निघणारे सात आरे म्हणजे सात लांब बोळ. प्रत्येक बोळाच्या दोन्ही अंगांना कोठड्या. तुंब्यात उभ्या असलेल्या एका माणसाने जागच्या जागी गिरकी घेतली की सातही बोळ टोकापर्यंत दिसतात. चौकोनी वाड्यात हेच करायचं तर प्रत्येक कोपऱ्यावर माणूस नेमावा लागेल किंवा एकाला सारखी प्रदक्षिणा घालावी लागेल.

इथे एक गल्लत नेहमी होते. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यानेही गोल तुरुंगाची कल्पना मांडली होती. पण त्याच्या तुरुंगात मधल्या पहारेकऱ्याला प्रत्येक कोठडीचा अंतर्भाग दिसायचा आणि आपल्यावर सतत नजर आहे या धाकाने कैदी सरळ वागायचा. हॅविलँडच्या तुंब्यातून फक्त बोळ दिसतात, कोठडीतला माणूस दिसत नाही. कैद्यावर नजर ठेवायची ती देवाने. पहारेकऱ्याने फक्त बोळ सांभाळायचा.

काम १८२२ मध्ये सुरू झालं. पहिले कैदी १८२९ मध्ये आले तेव्हा गवंडी अजून आतच होते, कारण सातही आरे पुरे व्हायला १८३६ उजाडलं. खर्च सुमारे ७ लाख ८० हजार डॉलर. त्या काळी अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या इमारतींपैकी ही एक. बाहेरून तीस फूट उंच तटबंदी आणि किल्ल्यासारखे बुरूज. रस्त्यावरून जाणाऱ्याने नुसतं बघूनच चळचळा कापावं, म्हणून दर्शनी भाग मुद्दाम तसा केलेला. त्यातल्या काही खिडक्या तर खोट्याच आहेत!

४. कोठडीत शिरू या

दरवाजा बुटका, त्यामुळे आत शिरताना मान वाकवावीच लागते. खोली आठ फूट रुंद, बारा फूट लांब. छत उंच आणि कमानदार, भिंतीला चुन्याची सफेदी. भिंतीत खिडकी नाही. उजेड येतो तो छतातल्या एका भोकातून. आपल्याकडे माळवदाच्या घराला सवणं ठेवतात, तसाच प्रकार. मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही, आणि मान वर करायची सवय लागावी हाच उद्देश. या झरोक्याला पुढे ‘देवाचा डोळा’ असं नाव पडलं.

एका कोपऱ्यात लोखंडी शौचपात्र, आणि ते पाण्याने धुतलं जाणारं. खोली उबदार ठेवायची सोय वेगळी. ही चैन वाटेल, आणि होतीच. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसमध्ये नळाचं पाणी आलं १८३३ मध्ये, म्हणजे या कैद्यांच्या नंतर. पण कैद्यांचे लाड करावेत म्हणून हे केलेलं नव्हतं. माणसाला दिवसातून एकदाही इतरांत आणायचं नाही असं ठरवलं की शौचालय खोलीतच द्यावं लागतं.

मागच्या बाजूला उंच भिंतींचं एक छोटं अंगण. त्यात रोज एक तास मोकळी हवा. शेजारच्या अंगणातला माणूस त्याच वेळी बाहेर येणार नाही, अशा वेळा लावलेल्या. सुरुवातीच्या कोठड्यांना बोळाकडून दारच नव्हतं. आत जायचं ते या अंगणातून. बोळाच्या बाजूला फक्त एक खण होता, त्यातून जेवण आत सरकायचं. पहारेकरी बुटांवर लोकरी मोजे चढवून फिरत, म्हणजे पावलांचा आवाजसुद्धा सोबतीला नको. कैद्याला कुठे न्यायचंच झालं तर डोक्यावरून टोपडं ओढत. त्याने कुणाला बघायचं नाही आणि त्याला कुणी ओळखायचं नाही. दोन वर्षं शेजारी राहिलेले दोघं सुटून गेल्यावर बाजारात समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखणार नाहीत, असा तो हिशेब.

५. कैदी क्रमांक १

२५ ऑक्टोबर १८२९. चार्ल्स विल्यम्स, वय १८, काळा शेतमजूर. गुन्हा घरफोडीचा. माल म्हणजे वीस डॉलरचं घड्याळ आणि सोन्याच्या दोन बारक्या वस्तू. शिक्षा दोन वर्षं. दारात त्याचं नाव काढून घेतलं गेलं आणि त्याला मिळाला क्रमांक १.

एक साधा हिशेब मांडून बघा. दिवसाचे २४ तास, त्यातला एक अंगणात. उरले २३. दोन वर्षांचे दिवस ७३०. तेवीस गुणिले सातशे तीस म्हणजे १६ हजार ७९० तास. एवढा वेळ छत, चार भिंती, चपला शिवायची हत्यारं किंवा माग, आणि एक पुस्तक. आपल्यापैकी अनेकांनी करोनाच्या विलगीकरणात चौदा दिवस काढले. ते ३३६ तास होतात, आणि त्यातही हातात मोबाइल होता.

६. पाहुणे आले

चेरी हिल बघायला जगभरातून लोक येऊ लागले. १८३१ मध्ये फ्रेंच सरकारतर्फे अलेक्सी द तोकव्हिल आणि गुस्ताव्ह द बोमाँ आले. तोकव्हिलने एक वेगळी गोष्ट केली. एकेका कोठडीत शिरून, अधिकाऱ्यांना बाहेर ठेवून तो कैद्यांशी बोलला. त्याचं मत बरंचसं अनुकूल झालं. माझ्या मते त्याचं एक कारण साधं आहे. महिनोन् महिने कुणाशी न बोललेल्या माणसाला एक सभ्य गृहस्थ खुर्ची ओढून ‘कसं चाललंय’ विचारतो. तो तक्रार करील की गहिवरेल?

त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स आला. त्यानेही असेच कैदी बघितले, पण त्याची नजर दुसऱ्या गोष्टींवर गेली. एका जर्मन कैद्याने सुतातून काढलेल्या रंगांनी कोठडीची इंच न् इंच भिंत रंगवली होती आणि अंगणातल्या चार हात जमिनीत वाफे आखून बाग केली होती. सगळं सुंदर आणि नीटनेटकं. तो माणूस मात्र पार मोडलेला. डिकन्सने आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात या पद्धतीवर कडक टीका केली. योजणारे दयाळू आहेत, पण आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नाही, असा त्याचा आक्षेप. अंगावरची जखम दिसते, म्हणून लोक हळहळतात. ही जखम दिसत नाही, म्हणून तो तिला जास्त भयंकर मानत होता.

याची सूचना खरं तर आधीच मिळालेली होती. न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नच्या तुरुंगात १८२१ मध्ये ऐंशी कैद्यांना पूर्ण एकांतात ठेवून पाहिलं होतं. काही मेले, काहींना वेड लागलं आणि प्रयोग गुंडाळावा लागला. त्यानंतर ऑबर्नने नवी रीत काढली. रात्री वेगळं, दिवसा कारखान्यात एकत्र काम, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि काढलं तर चाबूक. फिलाडेल्फियावाल्यांचं म्हणणं, ऑबर्नच्या एकांतात काम नव्हतं म्हणून तो फसला, आमच्याकडे काम आहे. हा वाद पुढे अनेक वर्षं चालला. अमेरिकेत अखेर ऑबर्न जिंकलं. ती पद्धत अधिक माणुसकीची होती म्हणून नव्हे, तर कारखान्यात एकत्र राबणारे कैदी सरकारला स्वस्त पडत म्हणून.

७. नळातून येणारा आवाज

आणि चेरी हिलच्या आत? माणसं बोलतच होती. शौचालयाचे नळ कोठड्यांना एकमेकींशी जोडत. त्यावर ठोके देत, त्यांतून कुजबुजत. ज्या सोयीने माणसाला एकटं ठेवता आलं, त्याच सोयीतून त्याने शेजार शोधला.

पकडलं गेलं की शिक्षा होई. १८३३ मध्ये मथायस मॅकमसी या कैद्याच्या तोंडात लोखंडी लगाम अडकवला, त्याच्या साखळ्या मागे हातांना बांधल्या. हात सैल सोडले की लगाम जिभेत रुतणार. त्यातच तो मेला. १८३४ मध्ये विधिमंडळाने चौकशी लावली, तेव्हा थंडीत अंगावर पाणी ओतण्यासारखे प्रकारही बाहेर आले. फटके नकोत म्हणून उभारलेल्या तुरुंगात, उघडल्यापासून चार वर्षांच्या आत, हे चालू होतं.

पण एकांत मोडला तो दयेने नव्हे, गर्दीने. कैदी वाढले, एका कोठडीत दोन-दोन घालावे लागले. शहाण्णव चौरस फुटांच्या खोलीत दोघं म्हणजे प्रत्येकी अठ्ठेचाळीस. त्यातून दोन खाटा वजा करा. आऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नव्या इमारती घुसवल्या आणि हळूहळू चाकाचं चाकपण गेलं. १९१३ मध्ये एकांताची पद्धत कागदोपत्रीही बंद झाली. तोवर ती नावापुरतीच उरली होती.

८. कुत्रा, कपोन आणि बोगदा

यापुढे तो चारचौघांसारखा एक तुरुंग. त्याच्या मजेदार गोष्टी मात्र याच काळातल्या. १९२४ मध्ये पेप नावाच्या कुत्र्याची नोंद कैदी म्हणून झाली. गळ्यात क्रमांक, रीतसर फोटो. राज्यपालांच्या पत्नीचं मांजर मारलं म्हणून जन्मठेप, अशी कथा पसरली. खरं म्हणजे कैद्यांना विरंगुळा म्हणून तो भेट आला होता. १९२९-३० मध्ये शिकागोचा गुंड अल कपोन इथे राहून गेला. गालिचा, दिवा, रेडिओ असलेल्या त्याच्या कोठडीचं वर्णन वर्तमानपत्रांनी चवीने छापलं.

एप्रिल १९४५ मध्ये बारा कैदी सुमारे शंभर फुटी बोगद्यातून पसार झाले. बोगदा खणला क्लॅरेन्स क्लाइनडिन्स्ट या गिलाव्याच्या कामात तरबेज असलेल्या कैद्याने. त्यात लाकडी टेकू होते आणि दिवेही होते. नाव मात्र झालं बँका लुटणाऱ्या विली सटनचं, आणि तो तर काही मिनिटांतच पकडला गेला. त्यांतल्या एकाने आठवडाभराने स्वतःच परत येऊन दार वाजवलं. त्याला भूक लागली होती.

९. चाक अंदमानला पोहोचतं

तोवर आकार जगभर पसरला होता. लंडनचं पेंटनव्हिल १८४२ मध्ये याच धर्तीवर उघडलं आणि तिथून चाक ब्रिटिश साम्राज्यात फिरलं. सुमारे तीनशे तुरुंगांनी या आराखड्याची नक्कल केली असं मानतात.

अंदमानात आधी कैदी बराकींत राहत आणि जंगल तोडत. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी पाहणीला आले. त्यांना दिसलं, की काळ्या पाण्याची दहशत ओसरली आहे आणि हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं. त्यांची शिफारस अशी, की इथे येताच आधी काही महिने कडक एकांत हवा. त्यासाठी कोठड्या हव्यात. १८९६ मध्ये बांधकाम सुरू होऊन १९०६ मध्ये संपलं. सात हात, तीन मजले, सुमारे सातशे कोठड्या आणि मधे मनोरा. एका हाताचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी दिसायला नको. फिलाडेल्फियाचा सगळा हिशेब इथे उतरला, फक्त झरोका गळला. ‘देवाचा डोळा’ गेला आणि भिंतीत उंचावर गजांची छोटी खिडकी आली. पश्चात्तापाशी कुणाला कर्तव्य नव्हतं. माणूस मोडायचा, एवढाच हेतू उरला.

आपण मराठी माणसं हा तुरुंग ओळखतो तो सावरकर बंधूंमुळे. बाबाराव आधीपासून तिथे होते आणि विनायकराव जुलै १९११ मध्ये पोहोचले. दोन सख्खे भाऊ एकाच चाकात, पण गाठभेट नाही. तिथल्या कोलूचं, म्हणजे कैद्यांना जुंपत त्या तेलाच्या घाण्याचं वर्णन विनायकरावांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे घराघरांत गेलं. त्याच तुरुंगात १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला आणि उल्लासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. डिकन्सने सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेलं इथल्या कारभाऱ्यांपैकी कुणी वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

१०. आता तिथे काय आहे

चेरी हिल १९७१ मध्ये रिकामं झालं. १९८० मध्ये शहराने ते विकत घेतलं. मधली वर्षं छतं गळत राहिली, कोठड्यांत झाडं उगवली, मांजरांनी बिऱ्हाडं केली. १९९४ मध्ये लोकांना रोजच्या रोज बघायला खुलं झालं तेव्हा डोक्यावर हेल्मेट घालून आत जावं लागे. इमारतीची डागडुजी करून ती नवी केलेली नाही, पडझड आहे तशी थोपवून धरली आहे. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

अंदमानच्या तुरुंगाचे सातांपैकी तीनच हात उरलेत. काही जपानी अंमलात पाडले गेले, काही स्वातंत्र्यानंतर, आणि त्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं आहे. गेलात तर मनोऱ्यावर चढा आणि नसलेल्या चार हातांच्या दिशा शोधा. आकार तेव्हाच नीट समजतो.

आणि एकांत? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार माणसांच्या खऱ्या सहवासाविना दिवसाचे २२ किंवा अधिक तास कोंडणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांहून जास्त एकांतवास निषिद्ध. आपल्या १८६० च्या दंड संहितेत सक्तमजुरीच्या कैद्याला एकांतवास देण्याचा अधिकार न्यायालयाला होता. मर्यादा एकूण तीन महिने, एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. जुलै २०२४ मध्ये ती संहिता जाऊन २०२३ ची भारतीय न्याय संहिता लागू झाली. एकांतवास तिच्यातही आहे, कलम ११ आणि १२ मध्ये, जवळपास त्याच शब्दांत.